राघोजीकाकांनी बांधलेला चढ

राघोजीकाकांना चांगली माती दिसली की त्यांचे हात शिवशिवायचे. खाकी अर्धी विजार, इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात शिट्टी, असा हा माणूस भर रस्त्यात उकिडवा बसायचा, चिमूटभर माती उचलायचा, तिच्यावर खुशाल थुंकायचा आणि दोन बोटांत घोळवून तिची वात वळायचा. वात तुटली तर "वाळू फार" म्हणून झटकून टाकायचा. न तुटता बोटाभोवती फिरली की मान डोलवायचा, "अस्सल!" एकदा माझ्या लग्नाच्या बोलण्यांसाठी आम्ही कुंभकोणमला गेलो होतो. वडीलधारे म्हणून काकांना बरोबर नेलं होतं. मुलाकडची मंडळी दारात स्वागताला उभी, आणि काका त्यांच्या केळीच्या आळ्याशी बसून थुंकताहेत! ते लग्न मोडलं. मुलगा कसा निघाला ते पुढे कळलं, त्यामुळे मी आजही काकांचे उपकार मानते, पण ती गोष्ट वेगळी.

तंजावूरला राजवाड्याच्या पश्चिमेच्या गल्लीत आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. मराठी घरात बोलायची. शाळा, बाजार, भांडणं सगळं तमिळमध्ये. नागरी अक्षरं मी लग्नानंतर सोलापुरात गिरवली. आमची बोली जशीच्या तशी लिहिली तर इकडचे लोक हसतात, म्हणून थोडी पुसून-पासून लिहिते आहे. ज्यांना हसायचंच आहे ते तरीही हसतील. काका ज्या शाळेत ड्रिल मास्तर होते तिथेच मी खालच्या वर्गांना शिकवायची. सगळं गाव त्यांना 'ड्रिल सार' म्हणे. आवाज असा, की त्यांनी मैदानावर "अटेन्शन!" म्हटलं की शेजारच्या चहाच्या दुकानातली गिऱ्हाइकंसुद्धा ताठ व्हायची.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "उतरायचं कुठं ते आधी सांग." पेरूच्या झाडावर चढणाऱ्या पोराला हेच, शेत विकत घ्यायला निघालेल्या हेडमास्तरांना हेच, आणि नोकरी सोडते म्हणून तणतणणाऱ्या मलाही हेच. ऐकून ऐकून माझे कान किटले होते. पण हे वाक्य त्यांच्या तोंडी आधी नव्हतं. ते कुठून आलं, तेच सांगायला बसले आहे. काका गेले, त्यांच्यामागून अनेक वर्षांनी त्यांची बायको तुळजाक्काही गेली. आता सांगितलं तर कुणाला लागणार नाही.

आमच्या गल्लीत दसऱ्याचं सीमोल्लंघन म्हणजे नुसतं वेशीबाहेर जाऊन वन्नीची, म्हणजे शमीची, पानं आणणं नव्हे. गावाच्या पश्चिमेला एक कालवा आहे, वाय्क्काल म्हणतात तिकडे. आमचे पणजे-खापरपणजे दसऱ्याला घोड्यावरून तो ओलांडायचे म्हणे. पुढे राज्य गेलं, मग घोडे गेले, पण आमच्या लोकांची खुमखुमी काही जाईना. काका तरुण असताना त्यांनी काठावर मातीचा चढ केला आणि सायकलवरून कालवा मारला. झालं! तेव्हापासून दर दसऱ्याला गल्लीतल्या एका तरण्या पोरानं चढावरून सायकल उडवायची आणि बाकीच्यांनी पुलावरून जाऊन त्याला पानं द्यायची, असा रिवाजच पडला. चढ दरवर्षी काका बांधायचे. शिकवायचं कुणी नाही. जोरात ये, "हर हर महादेव" म्हण आणि डोळे मीट, एवढंच शिक्षण. निम्मे पाण्यात पडायचे, हसत बाहेर यायचे.

त्या वर्षी पाळी होती प्रतापची, काकांच्या थोरल्या मुलाची. देखणा, हसरा, आईचा जीव की प्राण. सगळी गल्ली काठावर होती. तुळजाक्कानं चढ आदल्या संध्याकाळीच स्वतः जाऊन सजवला होता. प्रताप वाऱ्यासारखा आला, चढाच्या टोकाशी सायकल एकाएकी तिरकी झाली आणि तो पाण्यात न पडता पलीकडच्या काठावर, पाणी अडवायच्या दगडी खांबावर जाऊन आपटला. मी तिथं होते. जास्त सांगत नाही. आम्ही धावत पुलावरून पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

गल्लीला कारण हवं होतं. कुणीतरी म्हणालं, चढ वाकडा बांधला होता. घरातून घरात ते फिरलं आणि संध्याकाळपर्यंत पक्कं झालं. दहाव्याला काकांच्या मेव्हण्यानं सगळ्यांदेखत तोंडावर विचारलं, "भावोजी, चढ वाकडा होता की नाही?" काका खाली बघत म्हणाले, "होय. वाकडाच होता. माझी चूक." त्या दिवसापासून तुळजाक्कानं नवऱ्याशी बोलणं टाकलं. पान वाढायची, पाणी ठेवायची आणि आत निघून जायची. इतक्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण घरात खाकरायलाही भ्यायचा. भिंतीपलीकडून आम्हाला भांड्यांचे आवाज यायचे, माणसांचे नाही.

धाकटा एकोजी, आमचा एकू, तेव्हा सतरा वर्षांचा होता. वर्षश्राद्ध जवळ आलं तसं त्यानं जाहीर केलं, "यंदा मीच मारणार. दादाचं राहिलं ते पुरं करणार." रिवाज बंद करायचं गल्लीनं ठरवलं होतं, पण एकूला कोण बंद करणार? अक्कानं अन्न सोडलं, पाय धरले. मामानं कोंडून ठेवलं तर पोरगा कौलं काढून पळाला. शेवटी अक्का देव्हाऱ्यापुढे बसली ती बसलीच. "आता तिची इच्छा," एवढंच म्हणायची. आणि हा शहाणा जुन्या किल्ल्याच्या खंदकाच्या भिंतीवरून एकटाच सायकल उडवून बघायचा! एकदा कोपर फुटून आलेला काकांनी पाहिला. पाहिला आणि घरातली मम्मटी, म्हणजे आमच्याकडची फावड्यासारखी कुदळ, खांद्यावर टाकून बाहेर पडले.

खंदकाच्या बाजूला एक पडीक जागा होती. शाळेतून येताना बघते तर काका तिथं खुंट्या ठोकून सुतळी ताणताहेत. मी म्हटलं, "काय काका, घर बांधता काय?"

"चढ बांधतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अय्यो, लाज नाही वाटत? एक गेला तो पुरे नाही झाला?"

दुसरा कुणी असता तर मुस्काटात मारली असती. काका म्हणाले, "कमळा, तो उडणार. मी नको म्हटलं तरी उडणार, बांधून ठेवलं तरी चोरून उडणार. मग त्याला उडायला तरी येऊ दे की गं. प्रतापला मी काय शिकवलं? मैदानावर परक्याच्या पोरांना उजवा पाय, डावा पाय शिकवत बसलो. माझ्या पोराला नुसतं म्हटलं, मार!" आणि पुन्हा खाली बसून मातीची वात वळायला लागले. मी पिशवी झाडाला अडकवली आणि पाण्याची घागर उचलली. दुसरं काय करणार होते?

गावानं "ड्रिल सारना पैत्तियम लागलं" म्हणून टाकलं. पैत्तियम म्हणजे वेड. आणि दिसायचंही तसंच. पन्नाशीचा माणूस, शाळा सुटली की धोतरासारखी वेष्टी गुडघ्याच्या वर खोचून मातीत. आधी त्यांनी चढ बांधलाच नाही, उतार बांधला. लांबलचक, निवांत, माणूस झोपेल असा. मग मधला सपाट ओटा आणि सगळ्यात शेवटी चढ, तोही गुडघ्याएवढाच, वर जाताना हळूहळू उचलत जाणारा. मी म्हटलं, "एवढ्याशावरून काय उडणार?" तर म्हणाले, "शिकणाऱ्याची उडी आखूड पडते. मध्ये खड्डा असला तर त्यात पडेल. ओटा असला तर ओट्यावर पडेल. ढुंगण दुखेल, जीव नाही जाणार. उतरायचं कुठं ते आधी." तेव्हा मी हे पहिल्यांदा ऐकलं.

पहिला बांधलेला ढासळला. नुसता कालव्याचा गाळ होता, चाक बसताच पिठासारखा भुसभुशीत झाला. काकांनी सगळा उकरून काढला. दुसऱ्यांदा तळ्याची चिकणमाती आणली, टोपल्या वाहून वाहून त्यांची मान वाकडी झाली. थर घालायचा, पाणी शिंपडायचं, धुमसानं ठोकायचं, पुन्हा थर. संध्याकाळी दगडासारखा झाला. दोन दिवस उन्हं खाल्ली आणि वरपासून खालपर्यंत तडे! काका त्या तड्यांत बोटं घालून बसून राहिले. दसरा जवळ येत होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला ते बघवेना.

म्हणून मी म्हटलं, आपलं जे कुणीही म्हटलं असतं ते, "काका, शेणानं सारवा की. अंगण सारवतो तसं. तडे बुजतील."

काकांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी एक पाऊल मागेच सरले. "पुन्हा हा शब्द काढू नकोस," म्हणाले. मग उठले, आजूबाजूला कुणी नाही असं बघितलं आणि हळू आवाजात, ड्रिल मास्तरचा आवाज नव्हेच तो, मला सगळं सांगितलं.

खंडेनवमीला आम्ही हत्यारं पुजतो. तलवार, कोयता, विळी, सायकल, सगळं धुऊन, गंध लावून देवापुढे. अक्काच्या मनात आलं, उद्या माझ्या लेकाला उचलून धरणारा तो चढ, तोही हत्यारच की! तो तेवढा उघडाबोडका का? म्हणून ती संध्याकाळी शेणाची बादली घेऊन गेली, चढ सारवला, तांदळाच्या पिठाची रांगोळी, आमचं कोलम, घातली, कुंकू वाहिलं. त्या दिवसांत हवा दमट, काठाला झाडांची सावली. शेण रात्रभर वाळलंच नाही. वरवर कोरडं दिसत होतं आणि खाली ओलं.

"चाकाची रेघ बघितली मी," काका म्हणाले. "कोलमच्या मधोमध. हिरवी, हातभर लांब, एका बाजूला घसरत गेलेली. चढ सरळ होता, कमळा. ओळंबा लावून बांधला होता मी. सगळे तिकडे धावले आणि मी हातानं ती रेघ पुसली."

मी म्हटलं, "मग तुम्ही चारचौघांत वाकडा होता का म्हणालात? सगळं गाव तुमच्यावर थुंकतं. अक्का बोलत नाही."

"बोलत नाही, पण जगते आहे ना?" ते म्हणाले. "तिला कळलं की तिच्या हातानं झालं, तर ती त्याच कालव्यात जाईल. आणि खोटं काय बोललो मी? सकाळी मी जाऊन बघितलं होतं. सारवलेला चढ बघितला, हात जोडले, म्हटलं, काय शोभतंय! बोट लावून नाही बघितलं. रस्त्यावरची माती वळून बघणारा मी, तेवढं बोट नाही लावलं. सारवणारीला काय ठाऊक? बघणारा मी होतो. म्हणजे चूक माझीच." मग माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. "माझी शपथ आहे. तिला नाही, एकूला नाही, तुझ्या आईलाही नाही." घरी आले ती थेट न्हाणीघरात जाऊन रडले. इतकी चीड आली होती मला, कुणाची ते मात्र कळत नव्हतं.

तिसऱ्यांदा मात्र जमलं. चिकणमाती, गाळ आणि बारीक कापलेला भाताचा पेंढा एकत्र तुडवून काकांनी थर घातले, रोज ओलं गोणपाट टाकून सावकाश वाळवलं. तळहात फिरवला तर खरखरीत लागायचं. "असंच हवं, चाकाला धरून ठेवतं," म्हणाले. पण ज्याच्यासाठी बांधलं त्यानं यायला नको? काका एकूपुढे जाऊन उभे राहिले. गल्लीच्या तोंडाशी, दहा जण बघताहेत. "बाळ, आधी माझ्या लहानशा चढावर शीक. मग हवं तिथं मार."

एकू म्हणाला, "तुम्ही बांधलेल्या? दादाला मारलंत तसल्याच?"

काकांनी हात जोडले. आयुष्यात कुणापुढे न वाकलेला माणूस पोटच्या पोरापुढे हात जोडून उभा, आणि पोरगा पाठ फिरवून निघून गेला. मला तेव्हाच ओरडून सगळं सांगावंसं वाटलं. जीभ चावून गप्प राहिले.

दुसऱ्या दिवशी काकांनी शाळेच्या शिपायाची सायकल मागून घेतली. मडगार्ड काढले, स्टँड काढला, चाकातली हवा जरा कमी केली आणि स्वतः चढावर घातली. तरुणपणी उडी मारलेली ती डोळे मिटून. आता डोळे उघडे ठेवून शिकायचं होतं. पडले. उठून पुन्हा आले, पुन्हा पडले. रोज संध्याकाळी हाच तमाशा. पोरं जमायची, टाळ्या पिटायची. चष्मा फुटला, गुडघे सोलून निघाले, एकदा तर चाक पुढे आणि काका मागे. मी म्हणायची, "पुरे करा हो, हाडं मोडतील!" तर म्हणायचे, "मोडू देत. त्याला बघू दे काय काय मोडतं ते."

एकू बघत होताच. लांबून, खंदकाच्या भिंतीवर बसून, तोंड वाकडं करून. एके दिवशी काका फार वाईट पडले, उठेचनात. मी धावले, पण माझ्या आधी तो पोचला होता. उचललं नाही बापाला. नुसता उभा राहून चिडून म्हणाला, "हँडल किती आवळून धरता? हात सैल सोडा, आप्पा!"

त्या एका टोमण्याखेरीज वर्षभरात तो पहिल्यांदाच बापाशी बोलला. काका मातीत पडल्या पडल्या म्हणाले, "मग दाखव की कसं ते."

त्यानं दाखवलं, आणि पहिल्याच उडीला ओट्यावर आपटला. काका लंगडत लंगडत त्याच्यापाशी गेले. "पायडल दोन्ही एका पातळीत. चढावर ब्रेक नाही. बघायचं चढाकडे नाही, उताराकडे." त्या दिवसापासून बाप-लेक अंधार पडेपर्यंत तिथेच. गोड काही बोलायचे नाहीत. "वाकडा!" "आखूड!" "पुन्हा!" एवढंच. पण पोरगा ओट्यावरून उताराला लागला आणि मग उतारावर अलगद, दोन्ही चाकं एकदम टेकवून उतरू लागला. काका म्हणायचे, "हात सैल!" आणि एकूचे हात आपोआप सैल पडायचे. झोपेतसुद्धा पडले असते.

दसऱ्याच्या दिवशी दुपारी सगळी गल्ली कालव्यावर लोटली. नको म्हणणारेही आले. काकांनी पलीकडच्या काठावर आधी उतार बांधला होता, त्या दगडी खांबापासून लांब, आणि मग अलीकडे चढ. दोन्ही उघडेबोडके, खरखरीत. एकू सायकल घेऊन मागे लांब उभा. आणि तेवढ्यात गर्दी फुटली. वर्षभर उंबरा न ओलांडलेली तुळजाक्का येत होती. हातात शेणाची बादली, वर कुंकवाची पुडी.

मी काकांकडे बघितलं. ते पुतळ्यासारखे उभे.

अक्का सरळ चढापाशी आली. नवऱ्याशी नाही, देवीशी बोलावं तशी बोलत होती. "गेल्या वर्षी मी माझं काम चोख केलं होतं. चढ वाकडा होता त्याला मी काय करू? यंदाही करते. माझा हात लागला की माझं लेकरू सुखरूप जाईल." आणि पदर खोचून खाली बसली.

"नको," काका म्हणाले.

तिनं ऐकलंच नाही. बादलीत हात घातला.

"अगं, नको. आता वाळायचं नाही ते." हे मात्र त्यांच्या तोंडून निसटलंच. अक्कानं मान वर केली. "वाळायचं नाही म्हणजे?"

मी काकांच्या अगदी जवळ होते. त्यांचं तोंड उघडलं. ओठ हलले. एक वाक्य सांगितलं असतं तर सगळं सुटलं असतं. गाव गप्प झालं असतं, पोराच्या डोळ्यांतला तो तिरस्कार कायमचा गेला असता. अक्का हातात शेण घेऊन त्यांच्याकडे बघत होती. काकांनी तोंड मिटलं, एक पाय मागे घेतला आणि बादलीला अशी लाथ मारली की ती उडून काठावरून गडगडत पाण्यात गेली. कुंकू सगळ्या गवतावर सांडलं.

दसऱ्याच्या दिवशी! शेणाला, कुंकवाला लाथ! बायका किंचाळल्या. अक्का उभी राहिली. नवऱ्याला जन्मात एकेरी न बोललेली बाई सगळ्यांदेखत म्हणाली, "तू माणूस नाहीस. एक खाल्लास. दुसरा खायचाय तुला." काका चढाच्या तोंडाशी आडवे उभे राहिले, तिनं पुन्हा हात लावू नये म्हणून.

एकूनं ते सगळं लांबून बघितलं होतं. रागानं लालेलाल झाला होता तो. कुणी काही म्हणायच्या आत पायडल मारत निघालाच. मला त्याचे हात दिसत होते. हँडल इतकं आवळलेलं, की बोटांची पेरं पांढरी पडलेली. मी मनात म्हटलं, मेला हा, गेला! आयुष्यात इतकी भीती मला पुन्हा कधी वाटली नाही. काका उडी मारून बाजूला झाले आणि छाती फुटेल अशा आवाजात ओरडले, मैदानावरच्या आवाजात, "हात सैल!"

राग होता, तिरस्कार होता, सगळं होतं. पण हातांनी ऐकलं. चढाच्या टोकाशी ते सैल पडले. सायकल सरळ उठली, पाण्यावरून गेली आणि पलीकडच्या उतारावर दोन्ही चाकं एकदम टेकून खाली धावत गेली. धूळ उडाली. मग ओरडा झाला, लोक पुलाकडे पळाले, ढोल वाजायला लागले. एकू पुलावरून परत आला तो थेट आईकडे. तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तिला धरून गर्दीतून घरी घेऊन गेला. बापाच्या जवळून गेला, बघितलंही नाही.

सगळे गेल्यावर काका मम्मटी घेऊन चढ उकरायला लागले. मी म्हटलं, "असू दे की हो." म्हणाले, "नको. इथं आता पुन्हा कुणी नाही." मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. आमच्याकडे तसं करत नाहीत. मी टोपली धरली.

एकू पुढे मद्रासला नोकरीला लागला. आईला पत्रं यायची, शेवटी 'आप्पांना नमस्कार' एवढी एक ओळ, तीही आईच्या धाकानं असावी. अक्का त्या दसऱ्यानंतर नवऱ्याशी बोलली नाही ती नाहीच. काका पुढची सहा-सात वर्षं जगले. खंदकाजवळचा तो गुडघ्याएवढा चढ मात्र त्यांनी मोडला नाही. गल्लीतली पोरं, तमिळ पोरं, मुसलमान गल्लीतली पोरं, सगळी तिथं यायची आणि काका शिट्टी फुंकत त्यांना शिकवायचे, "उतरायचं कुठं ते आधी सांग!" एकाचंही हाड मोडलं नाही. मी एकदा म्हटलं, "काका, आता तरी सांगा. निदान एकूला." तर माझ्याकडे रागानं बघत म्हणाले, "एकूला सांगितलं तर तो आईकडे कुठल्या डोळ्यांनी बघेल? शपथ विसरलीस काय?"

शाळेच्या मैदानावरच, पोरांना रांगेत उभं करता करता ते गेले. मी माहेरी आले होते. एकू आला, सगळं रीतसर केलं, रडला नाही. अक्काही रडली नाही. बाया आपसात कुजबुजत होत्या. तेराव्यानंतर पाहुणे पांगले. मी आणि अक्का मागच्या पडवीत बसलो होतो. ती म्हणाली, "कमळे, तू तिथं होतीस. त्यांच्या जवळ उभी होतीस. बाकी सगळं मी केव्हाच सोडून दिलं गं. चढ वाकडा झाला, होतं माणसाच्या हातून. पण माझी बादली का लाथाडली त्यांनी? 'वाळायचं नाही' म्हणाले, ते काय? तेवढं मला अजून कळत नाही. रोज आठवतं."

तिचा चेहरा माझ्याकडे वळलेला होता. वर्षानुवर्षं तिनं ते मनात फिरवलं होतं, आणि ती उत्तराच्या अगदी जवळ येऊन बसली होती. मी काकांचं नाव राखू शकत होते. आता तेही नव्हते, शपथ घालणारंच कुणी नव्हतं.

मी म्हटलं, "काय सांगू अक्का? डोकं फिरलं की त्यांना काही सुचायचं नाही. काहीतरीच बोलायचे. तापट होते, दुसरं काय!"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं मान हलवली. "होय, तापटच होते," म्हणाली. आणि पदर तोंडाला लावून नवऱ्यासाठी पहिल्यांदा रडायला लागली.